बेसमेंटमधलं निरूपण

विंडसरमध्ये सत्तरच्या दशकात रेडिओची खुंटी फिरवली की आधी अमेरिका लागायची. नदीपलीकडे डेट्रॉईट, अलीकडे आम्ही. नकाशाची गंमत अशी की इथे अमेरिका उत्तरेला आहे आणि कॅनडा दक्षिणेला. नव्या पाहुण्याला हे दोन-तीनदा सांगावं लागतं. आमच्या गावचंही एक दणदणीत स्टेशन होतं. सीकेएलडब्ल्यू, ८०० एएम, ५०,००० वॅट. ते पलीकडच्या कित्येक राज्यांत ऐकू जायचं, आणि तिथे कुठलं गाणं वाजणार हे ठरवणाऱ्या रोझाली ट्रॉम्बली यांचा शब्द भलेभले गायक मानायचे. पण ती सगळी तीन-तीन मिनिटांची गाणी. आमच्या घरातल्या पोरांचा जीव डेट्रॉईटच्या एफएमवर होता. तिथे रात्री रेकॉर्डची अख्खी बाजू लावायचे. वीस मिनिटं, मध्येच ताल बदलणार, आणि शब्द असे की पहिल्या ऐकण्यात कळले तर फसवल्यासारखं वाटायचं. प्रोग्रेसिव्ह रॉक हे त्याचं नाव आम्हाला उशिरा कळलं. घरात त्याला ‘दादाची गाणी’ म्हणायचे.

आम्ही म्हणजे दादा, ताई, मी आणि दर शनिवारी आत्याबरोबर पलीकडून जेवायला येणारा आतेभाऊ. १९६७ साली कॅनडाने स्थलांतरितांसाठी गुणांची पद्धत आणली. वय, शिक्षण, भाषा, हातातलं कसब, सगळ्याला गुण. पिंपरीच्या टूलरूममध्ये डाय करणाऱ्या बाबांचं कसब त्या तक्त्यात चपखल बसलं, कारण विंडसर हे मोटारींचं गाव आणि मोटारीच्या प्रत्येक पत्र्यामागे कुणीतरी केलेली डाय असते. आत्याचे यजमान डेट्रॉईटकडे होते. त्यामुळे आमचं नातं १९२९ सालच्या ॲम्बेसेडर पुलावरून चालायचं. पुलाच्या तोंडाशी कस्टमवाला गाडीत डोकावून काय आणलंय म्हणून विचारायचा. आत्याच्या मांडीवर चिवड्याचा डबा असायचा, डब्याखाली तिच्या शालीत गुंडाळलेली नवी रेकॉर्ड. आत्या डबा उघडून पुढे करायची. कस्टमवाला हसून जा म्हणायचा.

रेकॉर्ड बेसमेंटमध्ये लागायची. एका कोपऱ्यात धडधडणारी भट्टी, फळीवर आईच्या लोणच्याच्या बरण्या, मध्ये कुणीतरी टाकून दिलेला आणि बाबांनी दुरुस्त केलेला सोफा. टर्नटेबलच्या सुईवर दादाने पाच सेंटचं नाणं सेलोटेपने चिकटवलं होतं, कारण वर आई स्वयंपाकघरात चालली की सुई उडायची. गाण्याचे शब्द आतल्या कागदी पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले असायचे. ते पाकीट दादाच्या हातात. समासात पेन्सिलीने अर्थ लिहायचा अधिकारही त्याचाच. ताई फक्त प्रश्नचिन्हं काढायची आणि मला वाटतं, आमच्यात सगळ्यांत शहाणी तीच होती.

अर्थ लावण्याचं हे वेड नदीपलीकडूनच आलं असं आतेभाऊ अभिमानाने सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं. १२ ऑक्टोबर १९६९ ला डेट्रॉईटच्या डब्ल्यूकेएनआर-एफएमवर रस गिब या निवेदकाला एका पोराने फोन केला : बीटल्सचा पॉल मॅकार्टनी कधीच मेला आहे, रेकॉर्ड उलटी फिरवून ऐका. दोनच दिवसांनी ॲन आर्बरच्या ‘मिशिगन डेली’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकात फ्रेड लाबोर नावाच्या विद्यार्थ्याने ‘ॲबी रोड’चं परीक्षण लिहिताना पॉलच्या मृत्यूचे पुरावेच मांडले. त्यातले बरेचसे त्याने बसल्या जागी रचलेले होते. पॉलच्या जागी आणलेल्या तोतयाचं नावसुद्धा त्याच्याच डोक्यातलं. लोकांनी ते पुरावे इतके मनावर घेतले की पुढे टीव्हीवर खोटा खटला भरवला गेला आणि लाबोरला साक्षीला बोलावलं. हे सगळं मी रचलंय असं त्याने आधीच सांगितलं, तरी खटला झालाच. तासभराचा कार्यक्रम ठरलेला होता ना. दादाने ही गोष्ट ऐकली आणि रेकॉर्ड बोटाने उलटी फिरवायला सुरुवात केली. बाबांना फक्त सुईची काळजी. ते जिन्यावरून ओरडायचे, “अर्थ काढ, पण सुई काढू नकोस!”

आमचं दैवत मात्र कॅनडाचंच होतं. टोरंटोचं त्रिकूट, रश. गेडी ली गायचा आणि बेस वाजवायचा, ॲलेक्स लाइफसन गिटारवर, आणि नील पीर्ट ड्रम वाजवायचा व बहुतेक शब्द लिहायचा. ढोल वाजवणाराच कवी, याचं बाबांना भारी कौतुक. आई मात्र गेडी लीच्या आवाजाने वैतागायची. “कोण किंचाळतंय रे खाली, बाई आहे की बुवा?” हा तिचा प्रश्न आमच्या घरात म्हणीसारखा चालायचा.

१९७६ मध्ये त्यांची ‘२११२’ आली. पहिली बाजू म्हणजे वीस मिनिटांची एक गोष्ट : पुढच्या कुठल्याशा शतकात देवळातले पुजारी संगणकाच्या जोरावर सगळ्यांचं आयुष्य चालवतात आणि एका तरुणाला अचानक गिटार सापडते. पाकिटावर पीर्टने आयन रँड या लेखिकेचे आभार मानले होते. दादाने ते मोठ्याने वाचलं आणि बाबा एकदम ताठ बसले. “रँड? माझ्या पगारातून वर्गणी कापायला लावली तोच ना?”

बाबांचं चुकलं असं म्हणवत नाही. विंडसरमध्ये रँड म्हणजे न्यायमूर्ती आयव्हन रँड. १९४५ साली इथल्या फोर्डच्या कामगारांनी ९९ दिवसांचा संप केला, मोटारी आडव्या लावून कारखान्याभोवतीचे रस्ते बंद केले. १९४६ मध्ये रँड यांनी निवाडा दिला : संघटनेचे सभासद व्हा वा होऊ नका, करारातून मिळणारा लाभ सगळ्यांना मिळतो, तेव्हा वर्गणी सगळ्यांच्या पगारातून कापली जाईल. कॅनडात आजही त्याला रँड फॉर्म्युला म्हणतात. आणि आयन रँड ही तर एकट्या माणसाने कुणाचंही देणं लागू नये असं सांगणारी बाई. एकाच आडनावाची ही दोन टोकं आमच्या बेसमेंटमध्ये समोरासमोर आली, त्या रात्रीचं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत पोचलं. दादा बाईच्या बाजूने, बाबा न्यायमूर्तींच्या. दादाने अजून एक पैसा कमावलेला नव्हता हे बाबांनी दोनदा आणि आईने एकदा लक्षात आणून दिलं.

अर्थ लावण्याच्या नादात माणसं कुठवर जातात तेही याच बँडने दाखवलं. १९७८ मध्ये लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाने या आयन रँड प्रेमावरून त्यांना थेट फॅसिस्ट ठरवलं. गेडी लीचे आईवडील दोघंही नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. शब्दांवरून माणूस ओळखू जाणाऱ्यांनी हे एवढं तरी विचारायला हवं होतं.

पण आमच्या घराचं खरं गाणं ‘द ट्रीज’. १९७८ च्या ‘हेमिस्फिअर्स’ या रेकॉर्डवरचं. जंगलात मेपलची झाडं तक्रार करतात की ओक फार उंच वाढलेत, सगळा प्रकाश तेच घेतात. मेपल संघटना बांधतात, कायदा करून घेतात, आणि शेवटी सगळी झाडं सारख्या उंचीची होतात; कुऱ्हाडीने आणि करवतीने. गोष्ट इतकी सोपी की लहान मुलाला सांगावी, आणि त्यामुळेच अर्थाला तोटा नाही. आतेभाऊ म्हणायचा, मेपल म्हणजे कॅनडा, झेंड्यावरच आहे. ओक म्हणजे अमेरिका. पुरावा म्हणून तो खिडकीकडे हात करायचा. १९७७ साली नदीकाठी डेट्रॉईटने ७३ मजली रेनेसान्स सेंटर उभं केलं होतं, आमच्या रस्त्याच्या टोकावरून दिसायचं. ताईने यावर शांतपणे सांगितलं, की डेट्रॉईट उत्तरेला आहे, त्या इमारतीची सावली विंडसरवर सहसा पडत नाही. आतेभाऊ आठवडाभर रुसला.

दादाच्या वर्गात निराळाच अर्थ चालू होता. २० मे १९८० ला क्विबेकमध्ये स्वतंत्र होण्याच्या प्रश्नावर मतदान झालं, सुमारे ६० टक्के लोक नको म्हणाले. मेपल म्हणजे क्विबेक, ओक म्हणजे इंग्रज, असा तो अर्थ. बाबांचा अर्थ ठरलेला : ओक म्हणजे व्यवस्थापन, मेपल म्हणजे आपण, आणि कवीला संघटना आवडत नाही, तेव्हा कवी चुकला. १९८५ मध्ये कॅनडाच्या मोटार कामगारांनी अमेरिकन संघटनेपासून फारकत घेऊन आपली वेगळी संघटना काढली, तेव्हा आतेभावाचा पुलापलीकडून फोन आला, “मामा, मेपलनी कायदा केला बघा!” बाबा इतके खूश झाले की कवीला त्यांनी त्या दिवसापुरती माफी दिली.

पीर्टला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, की माणसांसारखी वेडेपणा करणाऱ्या झाडांचं एक व्यंगचित्र पाहिलं, म्हणून लिहिलं. बस, एवढंच. दादाने हे कुठल्याशा मासिकात वाचलं आणि आमच्यापासून बरेच दिवस लपवून ठेवलं.

१९८१ च्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आजोबा आले, आणि बेसमेंटचं रूप पालटलं. आजोबा आयुष्यभर कीर्तनं ऐकलेले. सकाळी सार्थ ज्ञानेश्वरी, दुपारी झोप, आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो की “काय चाललंय खाली” म्हणून काठी टेकत जिना उतरायचे. नातवंडं कागद पुढे धरून अर्थावरून भांडतायत हे दृश्य त्यांना मुळीच परकं वाटलं नाही. त्यांनी सोफ्यावर मांडी घातली आणि कूट अभंग कसा सोडवायचा ते सांगितलं. ज्ञानोबांचा काट्याच्या टोकावर गावं वसल्याचा अभंग, मुक्ताबाईंचा मुंगीने सूर्य गिळल्याचा, नाथांची भारुडं. “आधी आकडे धरायचे. तीन आले की गुण. पाच आले की भूतं नाहीतर इंद्रियं. सहा आले की षड्रिपू. नऊ आले की देहाची दारं. मग जे उरेल ते गुरूला विचारायचं.” त्यांनी ‘२११२’ वर लगेच ही रीत चालवली. दोन, एक, एक, दोन, बेरीज सहा. “षड्रिपू! पुजारी म्हणजे कोण ते आता सांगायला नको.” दादाने पेन्सिलीने समासात ‘षड्रिपू’ लिहिलं. देवनागरीत, पहिल्यांदा. ‘रि’ची वेलांटी दीर्घ झाली ती आजोबांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली.

‘द ट्रीज’ ऐकून ते म्हणाले, तुकोबांनी महापुरातली झाडं आणि लव्हाळी सांगितली ती हीच. तिथे पूर आहे, इथे कुऱ्हाड आहे, एवढाच फरक. आमचे तीन अर्थ होते, चौथा त्यांचा. तो पाकिटावर सगळ्यांत खाली आहे.

मग आतेभावाने ‘येस’ या इंग्लिश बँडची १९७३ सालची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ आणली. दोन रेकॉर्ड, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच गाणं, साधारण वीस मिनिटांचं. गायक जॉन अँडरसनने टोकियोतल्या हॉटेलात परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचताना एक तळटीप पाहिली. तीत शास्त्रांचे चार प्रकार दिले होते, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. त्या एका तळटिपेवर त्याने ऐंशी मिनिटं रचली. हे पाकिटावरच लिहिलेलं, त्यामुळे दादाने अगदी ऐटीत आजोबांना वाचून दाखवलं. आता साहेबसुद्धा आपलंच सांगतोय म्हणून आजोबा हरखतील अशी आमची अटकळ. आजोबांनी चष्मा काढला. “अठरा पुराणं वीस मिनिटांत?” त्यांनी तिसरी बाजू पूर्ण ऐकली मात्र, डोळे मिटून, आणि शेवटी म्हणाले, “कीर्तनकाराचा पूर्वरंग झाला. उत्तररंगाला तो उद्या येणार आहे का?”

‘येस’चा की-बोर्ड वाजवणारा रिक वेकमन याला ही रेकॉर्ड अजिबात पटली नव्हती. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वाजवता वाजवता त्याने मंचावर सरळ करी खाल्ली. हे ऐकल्यावर आईने त्या बँडमधला शहाणा माणूस कोण ते जाहीर करून टाकलं.

आईचं मत या सगळ्यात निराळं होतं आणि ते समजायला मला निम्मं आयुष्य लागलं. ती नागपूरची. तिच्या बॅगेत ग्रेसांचं ‘संध्याकाळच्या कविता’ आलं होतं, १९६७ सालचं. माणिक गोडघाटे हा माणूस इंग्रिड बर्गमनच्या प्रेमात ‘ग्रेस’ हे नाव घेतो आणि मराठीत कुणाला कळणार नाही असं लिहितो, याचा नागपूरकरांना एकाच वेळी राग आणि गर्व होता. आजोबांनी ते पुस्तक चाळलं आणि खाली ठेवलं. “याच्या कुलुपाला किल्ली नाही गं.” आई पोळ्या लाटत होती. मागे न बघता म्हणाली, “त्याच्याकडेच नसेल.”

जॉन अँडरसनने पुढे स्वतःच कबूल केलं, की कित्येकदा तो शब्द अर्थासाठी नाही, नादासाठी निवडायचा. म्हणजे आईचंच खरं. आजोबांची कूटं आणि दादाची गाणी एकाच जातीची आहेत असं आम्ही मानून चाललो होतो, तसं नव्हतं. कूट अभंगाचा कवी उत्तर आधी ठरवतो आणि मग ते झाकतो. ऐकणारा परंपरेतला असेल तर झाकण निघतंच. ग्रेस किंवा अँडरसन काही झाकत नाहीत. तिथे शोधायला खाली उतरलेला माणूस स्वतःचंच काहीतरी घेऊन वर येतो. बाबा कारखाना घेऊन आले, आतेभाऊ नदी, आजोबा तुकोबा. माझ्या मते अशा गाण्यांचा खरा उपयोग तोच. आमच्या घरात आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला धड मराठी येत नव्हतं, बाबा दोन्ही भाषांत मोजकंच बोलायचे. स्वच्छ अर्थाचं काहीही असतं तर कुणीतरी एक शिकवणारा आणि बाकीचे शिकणारे झाले असते. इथे कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून साताऱ्याचा म्हातारा आणि विंडसरचं पोर एका सोफ्यावर बरोबरीने बसले.

एकच कोडं आमच्या घरात निर्विवाद सुटलं, आणि त्या गाण्याला शब्दच नव्हते. फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘मूव्हिंग पिक्चर्स’ आली. तिच्यावर ‘वाय वाय झेड’ नावाची नुसती वाजवायची रचना आहे. सुरुवातीला घंटेसारख्या बारीक झांजेवर एक ठेका येतो आणि मग तिघंही तोच उचलतात. दादा म्हणाला, इथे शोधायला काही नाही. बाबा जिन्यातच थांबले. कॉलेजात एनसीसीच्या सिग्नल्समध्ये ते मोर्स शिकले होते. “परत लाव.” दादाने सुई उचलून ठेवली. बाबा कठड्यावर बोटाने वाजवू लागले : लांब, आखूड, लांब, लांब. “हा वाय.” पुन्हा तसंच. “हाही वाय.” लांब, लांब, आखूड, आखूड. “झेड.” मग पिंपरीच्या भजनी मंडळात तबला वाजवलेल्या माणसाने मात्रा मोजल्या. पहिल्या वायच्या सात, दुसऱ्याच्या सात, झेडच्या सहा, एकूण वीस. जोडीने धरल्या तर दहा. “मात्रा झपतालाच्या, खंड मात्र निराळे,” बाबा म्हणाले, आणि कठड्यावर झपताल धरून दाखवला.

वाय वाय झेड कशाचं नाव ते ताईला सापडलं. आजोबांच्या ट्रंकेला विमानतळावरची चिठ्ठी अजून लटकलेली होती, मुंबईहून टोरंटो. तिच्यावर ठळक तीच तीन अक्षरं. टोरंटोच्या विमानतळाचा संकेत. बाबा, आई, दादा, ताई, आजोबा, सगळे ज्या दारातून या देशात शिरले त्या दाराचं नाव वाजत होतं. आजोबांनी चिठ्ठी सोडवून मागितली आणि ज्ञानेश्वरीत खूण म्हणून ठेवली. सहाव्या अध्यायात.

नील पीर्ट ७ जानेवारी २०२० ला गेला. बातमी तीन दिवसांनी बाहेर आली. तोवर आजोबा आणि बाबा दोघंही राहिले नव्हते, दादा व्हँकुव्हरला, ताई डेट्रॉईटच्या बाजूला, घर विकून झालेलं. त्या रात्री आम्ही चौघं फोनवर ‘द ट्रीज’वरून भांडलो. आतेभाऊ अजून कॅनडा-अमेरिकेवरच आहे. ताईचं म्हणणं, झाडं म्हणजे झाडं.

आता कुठल्याही गाण्याचा अर्थ फोनवर एका बोटात मिळतो, बहुतेक वेळा बरोबरही असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टोरंटो, डेट्रॉईट, शिकागो, न्यू जर्सीकडच्या मराठी घरांतून आमच्या वयाची माणसं सध्या आईवडिलांची बेसमेंटं रिकामी करतायत, आणि रेकॉर्डचे खोके वजनावर विकले जातायत. त्यांना एकच सांगणं आहे. खोका देण्याआधी प्रत्येक रेकॉर्डचं आतलं पाकीट बाहेर काढून समास बघा. पेन्सिलीचं अक्षर असेल तर ते पाकीट ठेवून घ्या; रेकॉर्ड गेली तरी चालेल, ती दुसरी मिळते.